डॉर्सेटच्या किनाऱ्यावर कुटुंबासह सुट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात एक विषय हमखास निघतो. भारतातून आई-वडील आलेले असतात, लंडन पाहून झालेले असते, मुलांच्या शाळेला सुट्टी लागलेली असते आणि समुद्रावर नेमके कुठे जायचे हे काही केल्या ठरत नसते. आम्ही बरीच वर्षे दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात जात आलो आहोत. नातेवाईक आणि मित्रमंडळी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे सविस्तर दिली आहेत. इथला दिवस भरती-ओहोटीच्या वेळा पाहून आखावा लागतो, त्यामुळे तो विषय बऱ्याच उत्तरांत येईल.

इंग्लंडला एवढा मोठा किनारा असताना डॉर्सेटच का?

डेव्हनमधील एक्समथपासून डॉर्सेटमधील स्टडलंडपर्यंतच्या सुमारे १५० किलोमीटर किनाऱ्याला ‘ज्युरासिक कोस्ट’ म्हणतात आणि २००१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. इथले खडक पूर्वेकडे कललेले असल्यामुळे पश्चिमेला सर्वांत जुने थर उघडे पडले आहेत आणि पूर्वेकडे जावे तसतसे नवे थर दिसू लागतात. पृथ्वीच्या सुमारे साडेअठरा कोटी वर्षांचा इतिहास एका किनाऱ्यावर ओळीने मांडलेला आहे. पण कुटुंबाच्या दृष्टीने याहून मोठी सोय अशी की, मऊ वाळूची पुळण, गोट्यांचा किनारा, पांढरे खडूचे कडे, पडका किल्ला आणि वाफेच्या इंजिनाची गाडी हे सगळे थोड्या थोड्या अंतरावर आहे. त्यामुळे एकाच घरातल्या चार वर्षांच्या नातवाला आणि सत्तरीतल्या आजोबांना एकाच दिवसात आपापल्या आवडीचे काही ना काही मिळते.

किती दिवस काढावेत आणि मुक्काम कुठे करावा?

आमच्या मते किमान चार रात्री काढाव्यात आणि मुक्काम एकाच गावी ठेवावा. लंडनहून रेल्वेने वेमथला पोहोचायला जवळजवळ तीन तास लागतात. सकाळी निघून रात्री परतायचे ठरवले तर दिवसाचा मोठा भाग डब्यात जातो, आणि आपण पोहोचतो तेव्हा नेमकी भरती असली तर उरलेला वेळही किनाऱ्याच्या वर उभे राहून पाणी पाहण्यात जातो.

मुले अगदी लहान असतील तर पूर्वेकडचे स्वॉनेज निवडावे. तिथला समुद्र बराच शांत असतो, वाळू चांगली आहे आणि समुद्रालगतचा रस्ता सपाट आहे. जीवाश्मांची आवड असलेली मुले असतील तर पश्चिमेकडचे लाइम रीजिस किंवा त्याच्या शेजारचे चार्मथ गाठावे. दोन्ही बाजूंना जायचे असेल तर मध्यावरचे वेमथ सोयीचे पडते. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेणे मराठी कुटुंबाला हॉटेलपेक्षा नेहमीच बरे पडते. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये अशी घरे बहुधा पूर्ण आठवड्यासाठीच मिळतात, म्हणून चार-पाच महिने आधी आरक्षण करावे.

कोणत्या महिन्यात जावे?

मेअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीही जावे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि शाळा सुरू असल्यामुळे गर्दी कमी असते. शाळकरी मुले बरोबर असतील तर जुलैअखेर ते सप्टेंबरची सुरुवात याखेरीज पर्याय उरत नाही. समुद्राचे पाणी ऑगस्टमध्ये सर्वांत उबदार असते, पण ‘उबदार’ म्हणजे सतरा-अठरा अंश सेल्सिअस. गणपतीपुळ्याच्या किंवा तारकर्लीच्या पाण्याची सवय असलेल्याला पहिल्या पावलालाच हुडहुडी भरते, हे घरून निघतानाच सर्वांना सांगून ठेवावे.

तिथे पोहोचायचे कसे?

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून बोर्नमथ, पूल, वेअरहॅम करत वेमथपर्यंत थेट गाडी जाते. स्वॉनेजसाठी वेअरहॅमला उतरून बस घ्यावी आणि लाइम रीजिससाठी वॉटर्लूहूनच सुटणाऱ्या दुसऱ्या मार्गावरील गाडीने ॲक्समिन्स्टरला उतरून बस घ्यावी. मुले बरोबर असतील तर रेल्वेचे कौटुंबिक सवलतकार्ड काढावे. त्यामुळे मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश आणि ५ ते १५ वर्षांच्या मुलांच्या भाड्यात ६० टक्के सूट मिळते. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही.

मोटार घेतल्यास भारतासारखेच डाव्या बाजूने चालवायचे असते आणि भारतातून फिरायला आलेल्या पाहुण्याला आपल्या परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. बारा वर्षांखालील किंवा १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, लहान मुलांचे आसन लागते. गावांमधले रस्ते मात्र अतिशय अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना उंच झाडोरा आणि मध्ये एकाच गाडीची वाट अशी स्थिती असते. समोरून गाडी आल्यास मागे जाऊन रुंद जागेत थांबावे लागते, म्हणून ज्याचा गाडी मागे घेण्याचा हात चांगला आहे त्यालाच चालवायला बसवावे.

भरती-ओहोटीचा एवढा बाऊ कशासाठी?

कोकणात वाढलेले लोक हा प्रश्न विचारत नाहीत. इतरांसाठी सांगतो. भरती दिवसातून दोनदा येते आणि दर दिवशी साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी खूप वर चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी होतो. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, परंतु तो हिशेब आपल्या किनाऱ्यापुरता खरा आहे. डॉर्सेटमध्ये प्रत्येक गावाची वेळ निराळी असते, म्हणून त्या गावाचे छापील कोष्टक पाहावे. किनाऱ्यावरच्या दुकानांत आणि पर्यटन केंद्रांत ते मिळते.

यातला खरा धोका असा की, लाइम रीजिस आणि चार्मथ यांच्यामधला किनारा कड्यांच्या पायथ्याने जातो. ओहोटीला ही चाल सुंदर आणि सोपी वाटते, पण पाणी चढू लागले की पुढची आणि मागची अशा दोन्ही वाटा बंद होतात आणि मागे सरकावे तर दरड कोसळणारा कडा असतो. पूर्ण ओहोटीच्या साधारण दोन तास आधी निघावे आणि पाणी पुन्हा चढू लागण्यापूर्वी परतीला लागावे. आम्ही जेवणाच्या, झोपेच्या आणि आइस्क्रीमच्या वेळासुद्धा त्या कोष्टकाभोवती बसवतो. दुपारी ओहोटी असेल तर सकाळी किल्ला आणि दुपारी किनारा, असा सरळ हिशेब असतो.

मुलांना खरोखर जीवाश्म सापडतात का?

सापडतात, आणि या सहलीत मुलांच्या सर्वांत जास्त लक्षात राहते ते हेच. चार्मथचा किनारा यासाठी उत्तम. तिथले करडे-काळे चिखली कडे सतत ढासळत असतात, समुद्र त्यांतली माती धुऊन नेतो आणि आतले कठीण जीवाश्म गोट्यांमध्ये मोकळे पडतात. म्हणून कड्याकडे जायचेच नाही. पाण्याच्या कडेला, जिथे बारीक गोटे साठलेले असतात, तिथे उकिडवे बसायचे आणि एका हाताएवढ्या जागेकडे पाहत राहायचे. पहिली दहा मिनिटे सगळे दगड सारखेच दिसतात. नंतर एखादा काळा, गुळगुळीत, बंदुकीच्या गोळीसारखा टोकदार तुकडा दिसतो. तो बेलेम्नाइट, म्हणजे माकूळ वर्गातल्या एका प्राचीन प्राण्याच्या शरीरातला कठीण भाग. आणखी थोडे पाहत राहिले तर अंगठ्याच्या नखाएवढा, पितळेसारखा चमकणारा वेटोळा शंख हाती लागतो. तो अमोनाइट. ही चमक लोह आणि गंधक यांच्या खनिजाची असते.

माझ्या मुलीने असा पहिला अमोनाइट आजीच्या तळहातावर ठेवला, तेव्हा आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “अगं, हा तर शाळिग्राम.” तिचे म्हणणे बरोबर होते. गंडकी नदीच्या पात्रात मिळणारे आणि तुळशीच्या लग्नात आपण पूजतो ते शाळिग्राम हेसुद्धा अमोनाइटचेच जीवाश्म असतात. नेपाळमधला तो दगड आणि हा दगड वेगवेगळ्या समुद्रांच्या तळाशी बनला, पण जीव एकाच कुळातले. आजी आणि नात तासभर जागच्या हलल्या नाहीत.

काही नियम पाळावेत. किनाऱ्यावर सुटे पडलेले लहान जीवाश्म घरी नेता येतात, मात्र कडा खणायचा नाही आणि त्याच्या पायथ्याशी उभेही राहायचे नाही, विशेषतः पाऊस पडून गेल्यानंतर. दरडीच्या खालचा चिखल वरून घट्ट दिसतो पण पाय आत जातो. माझा एक बूट तिथेच राहिला आहे. काही वेगळे, मोठे सापडले तर ते चार्मथच्या वारसा केंद्रात दाखवावे. या केंद्रात प्रवेश विनामूल्य आहे, तिथले जाणकार आपला दगड ओळखून देतात आणि आगाऊ नोंदणी केल्यास पैसे भरून त्यांच्याबरोबर किनाऱ्यावर फिरताही येते.

लाइम रीजिसला गेल्यावर मुलांना मेरी ॲनिंगची गोष्ट जरूर सांगावी. ती १७९९ साली याच गावात जन्मली. वडील सुतारकाम करत आणि जोडीला जीवाश्म विकत. ते १८१० मध्ये वारल्यावर घर कर्जात बुडाले. पुढच्या वर्षी तिच्या भावाला एक अजस्र कवटी सापडली आणि उरलेला सांगाडा बारा वर्षांच्या मेरीने शोधून काढला. तो इक्थिओसॉर, म्हणजे प्राचीन समुद्री सरपटणारा प्राणी होता. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉर या दुसऱ्या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा पूर्ण सांगाडा शोधला. तिच्या हयातीत लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत स्त्रियांना सभासद होता येत नव्हते आणि तिने शोधलेल्या सांगाड्यांवर नाव बहुधा दुसऱ्यांचे लागले. गावातले संग्रहालय तिच्या जन्मघराच्या जागेवर उभे आहे. २०२२ मध्ये तिचा पुतळा उभारला गेला, तोही एका शाळकरी मुलीने सुरू केलेल्या मोहिमेमुळे. पुतळ्यात तिचा कुत्रा ट्रेसुद्धा आहे. तो १८३३ मध्ये दरडीखाली सापडून मेला. कड्यापासून दूर का राहायचे हे मुलांना पटवून द्यायला ही एवढी एक गोष्ट पुरते.

अगदी लहान मुलांनी काय करावे?

वाळू, बादली आणि फावडे एवढे त्यांना पुरते. वेमथची पुळण लांब, उथळ आणि सुरक्षित आहे. राजा तिसरा जॉर्ज १७८९ पासून प्रकृतीसाठी इथे येऊ लागला आणि तेव्हापासून गावाला सुट्टीचे गाव म्हणून नाव मिळाले.

आमच्या घरी सर्वांत लाडका उद्योग म्हणजे धक्क्यावर बसून खेकडे पकडणे. दुकानात दोरी, जाळीची छोटी पिशवी आणि बादली मिळते. पिशवीत मांसाचा किंवा माशाचा तुकडा घालतात, दोरी पाण्यात सोडतात आणि हाताला जड लागली की सावकाश वर घेतात. दोरीला गरी नसते, त्यामुळे खेकड्याला इजा होत नाही. बादलीत समुद्राचेच पाणी घ्यावे, एका वेळी चार-पाचच खेकडे ठेवावेत, पाणी अधूनमधून बदलावे आणि शेवटी सगळे परत सोडावेत. शाकाहारी घरातील मुलांनाही हा खेळ आवडतो, मात्र आमिष कुणी हाताळायचे हे आधीच ठरवून घ्यावे.

डर्डल डोरची खडकाची कमान आई-वडिलांना दाखवता येईल का?

गुडघे दुखत असतील तर खाली उतरू नये. वाहनतळापासून उताराची वाट आहे आणि शेवटी खड्या पायऱ्या आहेत. उतरणे जमले तरी चढणे जड जाते. कमानीचे दर्शन वरच्या वाटेवरूनही चांगले होते. तरुणांना सांगायची गोष्ट वेगळी आहे. त्या कमानीवरून पाण्यात उड्या मारणारे लोक २०२० मध्ये गंभीर जखमी झाले होते, तेव्हा तो मोह टाळावा.

ज्येष्ठांसाठी आम्ही कॉर्फ सुचवतो. स्वॉनेजहून वाफेच्या इंजिनाची गाडी अर्ध्या तासाच्या आत कॉर्फला पोहोचवते. हा फाटा १९७२ मध्ये बंद झाला होता. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून तो पुन्हा सुरू केला. गाडी वळणावर आली की खिडकीतून टेकडीवरचा पडका किल्ला दिसतो. इंग्लंडच्या यादवी युद्धात वेढा पडल्यानंतर संसदेच्या पक्षाने १६४६ मध्ये तो सुरुंग लावून उडवला. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे शिवरायांच्या हाती तोरणा आला, हे सांगितल्यावर आमचे बाबा त्या कलंडलेल्या बुरुजांपुढे बराच वेळ उभे राहिले. किल्ल्यावर चढ आहे, पण खालच्या गावातूनही तो पूर्ण दिसतो आणि बाके भरपूर आहेत.

पाऊस लागला तर?

एखादा दिवस लागणारच. किमरिजच्या संग्रहालयात एका माणसाने हयातभर जमवलेले जीवाश्म मांडलेले आहेत. तिथली प्लिओसॉर या प्राचीन समुद्री शिकारी प्राण्याची सुमारे २ मीटर लांबीची कवटी पाहून मोठ्यांचाही श्वास रोखला जातो. बोव्हिंग्टनला रणगाड्यांचे संग्रहालय आहे. वेमथला मत्स्यालय आहे.

पोहताना काय काळजी घ्यावी?

जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच पोहावे. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या पट्ट्यावर त्यांचे लक्ष असते. नुसते लाल निशाण असेल तर पाण्यात उतरायचे नाही. वाऱ्याची नारिंगी पिशवी फडकत असेल तर हवा भरलेल्या नळ्या आणि गाद्या पाण्यात नेऊ नयेत, कारण किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहणारा वारा त्या बघता बघता दूर ओढून नेतो. थंड पाण्यात एकदम उडी मारली तर श्वास अडकतो. तसे झाल्यास हातपाय न मारता पाठीवर तरंगावे, मिनिटाभरात श्वास सुरळीत होतो. कुणी संकटात दिसले तर स्वतः उडी न मारता ९९९ क्रमांकावर फोन करून ‘कोस्टगार्ड’ मागावे.

ओहोटीच्या वाळूत वीव्हर नावाचा छोटा मासा दडलेला असतो, त्याचा काटा फार झोंबतो. मुलांच्या पायात पाण्यातले बूट घालावेत. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा.

शाकाहारी माणसाचे जेवणाचे काय?

उपाशी राहावे लागत नाही, पण चौकशी करावी लागते. मासे आणि चिप्सच्या दुकानात चिप्स बहुधा मासे तळलेल्या तेलातच तळतात आणि काही ठिकाणी तर गोमांसाच्या चरबीत तळण्याची पद्धत आहे. त्यामुळे कशात तळता, हे स्पष्ट विचारावे. भाजलेला बटाटा आणि त्यावर चीज किंवा घेवडा हे जवळजवळ सगळीकडे मिळते. रंगीत, चिवट गोळ्यांमध्ये बहुधा जिलेटिन असते, तेव्हा पुडीवरचा शाकाहारी शिक्का पाहूनच मुलांना द्याव्यात. डॉर्सेटचा सफरचंदाचा केक चहाबरोबर फार छान लागतो, पण त्यात अंडे असते.

मासे खाणाऱ्यांनी लाइम रीजिसच्या धक्क्यावरून बांगडे पकडायला नेणाऱ्या होडीत तासभर जरूर जावे. हा इकडचा बांगडा आपल्या बांगड्याचा भाऊबंद आहे. पकडलेले मासे घरी नेऊन तव्यावर भाजले तर मीठ, हळद आणि तिखट एवढेच पुरते. भाड्याच्या घरात फोडणी देताना मात्र खिडकी उघडून आणि पंखा लावूनच द्यावी. मोहरी तडतडताच धुराचा भोंगा वाजू लागतो.

भारतातून येणाऱ्यांनी खाण्याचे काय आणू नये?

मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून आणायला मनाई आहे. याचा अर्थ साजूक तूप, पेढे आणि बर्फी घरीच ठेवून यावे, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, भाजणी आणि कोरडी चटणी यांनी सुट्टीतली न्याहारी मात्र निभावते.

समुद्रपक्ष्यांचा खरोखर इतका उपद्रव असतो का?

असतो. हातातला चिप्सचा पुडा मागून झडप घालून नेतात. भिंतीला पाठ लावून खावे आणि त्यांना काही घालू नये.

स्टडलंडच्या किनाऱ्याविषयी काही सांगून ठेवण्यासारखे आहे का?

वाळू अप्रतिम आहे. मात्र या किनाऱ्याचा एक भाग विवस्त्र वावरणाऱ्यांसाठी राखलेला आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना तशा पाट्या आहेत. आजी-आजोबांना घेऊन फिरायला निघताना पाटी दिसली की मागे वळावे.

चेझिलच्या किनाऱ्यावरचे गोटे मुलांना घरी नेता येतात का?

नाही, तिथून गोटे उचलून नेण्यास मनाई आहे. पोहायचेही नाही, कारण किनारा एकदम खोल होतो आणि ओसरणारी लाट पाय ओढते. पण पाहण्यासारखे तिथे फार आहे. सुमारे २९ किलोमीटर लांबीच्या या बांधावर समुद्राने गोटे आकाराप्रमाणे निवडून ठेवले आहेत. पश्चिमेकडे वेस्ट बेला ते वाटाण्याएवढे असतात आणि पूर्वेकडे पोर्टलंडला मुठीएवढे होतात. रात्री धुक्यात किनाऱ्याला लागलेला इथला कोळी गोटा हातात घेऊन आपण कुठे आलो हे सांगू शकतो, असे म्हणतात. आमच्या मुलांचा खेळ त्यावरूनच निघाला. दोन टोकांना दोन दिवशी जायचे, डोळे मिटून एक गोटा उचलायचा, तो मुठीत मावतो की नाही ते पाहायचे आणि होता तिथेच परत ठेवायचा.